अ‍ॅव्हरेज घटले, दोष नेमका कुणाचा?
विशेष प्रतिनिधी

पेट्रोल पंपावर, गॅरेजमध्ये किंवा सोसायटीच्या वाहनतळावर दोन मोटारधारक भेटले, की २०२५ पासून हटकून एकच विषय निघतो. गाडीचे अ‍ॅव्हरेज घटले आहे आणि पेट्रोलमधील इथेनॉलने ते खाल्ले आहे, असे एक जण सांगतो आणि दुसरा मान डोलावतो. दहा-बारा वर्षे वापरात असलेल्या टर्बो पेट्रोल मोटारींच्या मालकांमध्ये ही तक्रार अधिक तीव्र आहे. तिच्यात तथ्य आहे, हे सरकारी कागदपत्रेच सांगतात. मात्र ते तथ्य किती टक्क्यांचे आहे, हे तपासण्याच्या भानगडीत फारसे कुणी पडत नाही. परिणामी गाडीतील खरा दोष इथेनॉलच्या नावाखाली दडून राहतो आणि मालकाच्या खिशाला दुहेरी भोक पडते.

इथेनॉलचा वाटा किती?

पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने जून २०२२ मध्ये गाठले. २० टक्के मिश्रणाची, म्हणजे ‘ई-२०’ पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर सर्वसाधारण इंधन बनले. मूळ उद्दिष्ट २०३० चे होते; ते पाच वर्षे अलीकडे आणले गेले. या प्रवासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. उसाच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉल तयार करणारे अनेक साखर कारखाने राज्यात आहेत. शुद्ध इथेनॉलच्या विक्रीचा प्रायोगिक प्रकल्पही जून २०२१ मध्ये पुण्यातील तीन पंपांवरच सुरू झाला होता.

इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या एका लिटरच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे ई-२० च्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा ते सात टक्के आणि १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातही हेच चित्र होते. शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांची इंधन कार्यक्षमता ई-२० वर सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असा त्याचा अंदाज होता. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशात योग्य रीतीने जुळवलेल्या गाड्यांसाठी एक ते दोन टक्के आणि इतर गाड्यांसाठी तीन ते सहा टक्के घट मान्य केली. ई-२० ला पर्याय म्हणून इथेनॉलविरहित पेट्रोल उपलब्ध करून द्यावे, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

थोडक्यात, कोणताही आकडा धरला तरी इथेनॉलच्या खात्यावर सात टक्क्यांहून अधिक घट टाकता येत नाही. प्रत्यक्षात मात्र १५, २० किंवा २५ टक्के घटीच्या तक्रारी ऐकू येतात. वरची घट येते कुठून, हा खरा प्रश्न आहे.

वीस हजारांचा हिशेब

उदाहरणादाखल २०१४ च्या सुमारास घेतलेली एक टर्बो पेट्रोल मोटार डोळ्यांसमोर आणू. पूर्वी ती लिटरला १५ किलोमीटर धावत असे. आता १२ वर आली आहे. ही घट २० टक्क्यांची आहे. इथेनॉलचा सर्वाधिक फटका धरला तरी तिचे अ‍ॅव्हरेज १४ च्या आसपास थांबायला हवे होते. उरलेले दोन किलोमीटर गाडीने, रस्त्याने किंवा चालकाने गमावले आहेत.

महिन्याला एक हजार किलोमीटर धाव आणि लिटरला १०० रुपये असा ढोबळ दर धरला, तर १५ ऐवजी १२ च्या अ‍ॅव्हरेजमुळे वर्षाला सुमारे २०० लिटर, म्हणजे २० हजार रुपयांचे पेट्रोल जास्त जळते. त्यातील इथेनॉलचा वाटा जेमतेम पाच हजार ७०० रुपयांचा आहे. उरलेले १४ हजार ३०० रुपये ज्या दोषामुळे जातात, तो शोधता येतो आणि बहुतेकदा दुरुस्तही करता येतो. पंपावर चरफडत उभ्या असलेल्या मालकाला मोठा हिस्सा परत मिळवण्याजोगा आहे, याची कल्पनाच नसते. इथेनॉलचे प्रमाण वाढले तेव्हाच गाडीही दहा वर्षांची झाली, हा बहुतांशी कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडल्याचा प्रकार आहे.

टर्बोचे दुखणे वेगळे का?

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची याने १९०५ मध्ये ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तिचे तत्त्व सोपे आहे. इंजिनातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त भरली की इंधनही जास्त जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद मिळते. ही चक्रे मिनिटाला एक ते दोन लाख फेरे घेतात.

साध्या इंजिनात हवा ओढली जाते, टर्बो इंजिनात ती दाबली जाते. दाबलेली हवा रबरी नळ्या, क्लॅम्प आणि इंटरकूलरमधून इंजिनापर्यंत पोहोचते. दहा उन्हाळे आणि दहा पावसाळे काढल्यावर रबर कडक होते, नळीला बारीक चीर जाते, क्लॅम्प सैल पडतो. गाडी जागेवर सुरू असताना त्या नळ्यांत दाब जवळजवळ नसतो, त्यामुळे चीर मिटलेली राहते. घाटात किंवा पुलाच्या चढावर टर्बोने दाब भरला, की ती उघडते आणि मोजून आत घेतलेली हवा वाटेतच निसटते. येणारी हवा मोजून तेवढेच इंधन देणाऱ्या इंजिनांत संगणक निसटलेल्या हवेसाठीही पेट्रोल पाठवत राहतो. ते पुरेशा हवेअभावी वाया जाते. पिकअप कमी झाल्याने चालक अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबतो आणि नुकसानीत भर पडते.

गॅरेजच्या दारात बॉनेट उघडून, इंजिन जागेवर सुरू ठेवून केलेल्या पाहणीत हा दोष दिसतच नाही. ‘गाडी ठीक आहे, पेट्रोलच खराब येते’ असा निर्वाळा मिळतो, तो बहुधा अशाच पाहणीनंतर.

आधी मोजमाप, मग निदान

निदानाची पहिली पायरी गॅरेजमध्ये नाही, पंपावर आहे. मीटरपट्टीवर दिसणाऱ्या सरासरीच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे असते. एकाच पंपावर, शक्यतो एकाच यंत्रावर, पहिल्यांदा नोझल आपोआप बंद पडेल तिथपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरची नोंद करावी आणि पुढच्या वेळी तशीच भरून लिटरचा आकडा लिहावा. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. किमान तीन टाक्यांची सरासरी धरावी. मधल्या काळात वेगळ्या मापाचे टायर बसवले असतील तर किलोमीटरचा आकडाही चुकतो, हे लक्षात घ्यावे.

तुलना कशाशी, हाही मुद्दा महत्त्वाचा आहे. जाहिरातीत छापला जाणारा प्रमाणित आकडा प्रयोगशाळेत रोलरवर ठरावीक वेगक्रमाने गाडी चालवून काढलेला असतो. हिंजवडीच्या किंवा अंधेरीच्या कोंडीशी त्याचा संबंध नाही. तुलना करायची ती त्याच गाडीच्या, त्याच रस्त्यावरील जुन्या नोंदीशी. रोजचा प्रवास अर्ध्या तासाने लांबला असेल तर ती घट गाडीची नव्हे. एसी लावून जागच्या जागी उभी असलेली मध्यम आकाराची पेट्रोल मोटार तासाला साधारण पाऊण ते एक लिटर इंधन जाळते.

स्वस्त तपासण्या अगोदर

मोजमापानंतरही घट खरी ठरली, तर फुकटच्या आणि स्वस्त गोष्टी आधी पाहाव्यात. टायरमधील हवेचा परिणाम वाटतो त्याहून कमी, पण निश्चित असतो. चारही टायरमधील दाब एक पौंडाने घटला तर सरासरी ०.२ टक्के इंधन जास्त लागते, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे मार्गदर्शन सांगते. आठ पौंड हवा कमी असेल तर दीड टक्क्याहून अधिक इंधन तिथेच गेले.

ब्रेक धरून राहणे हा जुन्या गाड्यांचा नेहमीचा विकार आहे. कोकण किनारपट्टीवर आणि मुंबईच्या दमट हवेत कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून, शेवटी शक्यतो ब्रेक न दाबता ती थांबवावी आणि चारही चाकांजवळ हात नेऊन उष्णतेचा अंदाज घ्यावा. एकच चाक इतरांपेक्षा बरेच तापले असेल तर ते ब्रेक घासत आहे, असे समजण्यास हरकत नाही.

एअर फिल्टर बदलला की अ‍ॅव्हरेज वाढते, ही समजूत कार्बोरेटरच्या काळातील आहे. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल मोटारींत फिल्टर चोंदल्यानंतरही इंधन वापरात लक्षणीय फरक पडला नाही. गाडीचा पिकअप मात्र घटला. फिल्टर वेळेवर बदलावाच, परंतु २० टक्क्यांचे कोडे त्याने सुटणार नाही.

याउलट कूलंटच्या थर्मोस्टॅटकडे कुणाचे लक्ष जात नाही. तो उघडा अडकला की इंजिन पुरेसे तापतच नाही आणि संगणक थंड इंजिनाला लागणारे जास्तीचे इंधन देत राहतो. थंड प्रदेशात हीटर गरम हवा देत नाही म्हणून हा दोष चटकन कळतो. आपल्याकडे हीटर लावण्याची वेळच येत नाही. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची काही गॅरेजची जुनी सवय आहे. तो उपाय पुढे वर्षानुवर्षे पेट्रोल पीत राहतो.

स्कॅनर काय सांगतो?

एप्रिल २०१३ पासून बीएस-४ मोटारींना स्वयंनिदानाची दुसऱ्या टप्प्यातील प्रणाली बंधनकारक झाली. स्टिअरिंगखालच्या जोडणीला स्कॅनर लावून इंजिनाच्या संगणकाशी संवाद साधता येतो. मोबाइलशी जोडले जाणारे साधे उपकरणही प्राथमिक तपासणीला पुरते. मात्र ‘एरर नाही, म्हणजे दोष नाही’ हा समज चुकीचा आहे. चेक इंजिनचा दिवा दोषाने विशिष्ट मर्यादा ओलांडल्यावरच लागतो. त्याआधीच्या खुणा चालत्या गाडीतील आकड्यांत दडलेल्या असतात.

त्यातील पहिला आकडा कूलंटच्या तापमानाचा. पंधरा मिनिटे गाडी चालवल्यावर तो साधारणपणे ८५ ते ९० अंशांच्या आसपास स्थिरावला पाहिजे. महामार्गावर तो ७० च्या खाली उतरत असेल तर थर्मोस्टॅट संशयित आहे.

दुसरा आकडा ‘फ्युएल ट्रिम’ या नावाने दिसतो. ठरलेल्या प्रमाणापेक्षा संगणकाला किती टक्के इंधन वाढवावे किंवा घटवावे लागत आहे, हे तो सांगतो. इथेनॉलचा हिशेब इथेच वेगळा काढता येतो. शुद्ध पेट्रोलच्या एक किलोला पूर्ण ज्वलनासाठी १४.७ किलो हवा लागते. ई-२० ला सुमारे १३.५ किलो. त्यामुळे १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या इंजिनात ई-२० भरल्यावर संगणक साधारण चार टक्के इंधन वाढवतो. शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेल्या इंजिनात ही वाढ आठ-नऊ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तेवढा आकडा इंधनाचा गुण आहे. तो २० च्या घरात गेला असेल, तर गाडीत दोष आहे. जागेवर आकडा जास्त आणि इंजिनाचे फेरे वाढवल्यावर कमी होत असेल तर कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरत आहे. जागेवर ठीक आणि चढावर उणे होत असेल तर दाबाची हवा बाहेर गळण्याची शक्यता अधिक. सर्व वेगांत आकडा जास्त असेल तर हवामापक सेन्सरवर साचलेला मळ किंवा इंधनाचा अपुरा दाब तपासावा लागतो.

तिसरा घटक एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर. इथेनॉलचे प्रमाण बदलले तरी मिश्रण जुळवून घेण्याचे काम त्याच्याच सांगण्यावरून होते. लाख-दीड लाख किलोमीटरनंतर तो मंदावतो आणि चुकीची माहिती देऊ लागतो. सेन्सर बिघडण्यासारखा गंभीर दोष दूर केल्यास अ‍ॅव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकते, असे अमेरिकी सरकारचे इंधन बचतविषयक मार्गदर्शन सांगते. हा टोकाचा आकडा आहे. तरीही एक लहानसा सेन्सर केवढे नुकसान करू शकतो, याची त्यावरून कल्पना यावी.

चोर सोडून संन्याशाला

टर्बो गाडीचा पिकअप कमी झाला, अ‍ॅव्हरेज पडले, की ‘टर्बो गेला’ हे निदान गॅरेजमध्ये सर्वाधिक वेळा ऐकू येते. ते सर्वात महागही असते. प्रत्यक्षात कमी दाबाचा एरर कोड, म्हणजे पी-०२९९, आला तरी तो केवळ दाब अपुरा असल्याचे सांगतो. टर्बो निकामी झाला, असे सांगत नाही. फाटलेली नळी, सैल क्लॅम्प, इंटरकूलरची चीर, दाब नियंत्रित करणाऱ्या वेस्टगेटची अडकलेली झडप किंवा तिच्याकडे जाणारी पेन्सिलीहून बारीक नळी, यांपैकी काहीही कारण असू शकते. शेकड्यांत मिळणाऱ्या नळीसाठी हजारोंचा टर्बो बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार.

गळती शोधण्याची पद्धत पंक्चरवाल्याच्या पाण्याच्या घमेल्याइतकी सोपी आहे. हवेच्या मार्गात कमी दाबाने धूर सोडला, की तो चिरेतून बाहेर येताना दिसतो. धुराचे यंत्र नसेल तर बेताच्या दाबाची हवा भरून जोडांवर साबणाचे पाणी लावले तरी बुडबुडे गळती दाखवतात. टर्बो खरोखर खराब झाल्याची लक्षणे वेगळी असतात. इंजिन ऑइल झपाट्याने कमी होते, निळसर धूर येतो, सायरनसारखा आवाज वाढतो, दांडा पुढे-मागे हलतो आणि चक्राची पाती बाहेरच्या आवरणाला घासतात. दांड्याची किंचित आडवी हालचाल आणि इंटरकूलरच्या नळीतील तेलाचा पातळ थर ही मात्र बहुतेक गाड्यांत सामान्य बाब असते. तेवढ्यावरून टर्बो बदलण्याचा सल्ला मिळाल्यास दुसरे मत घेणे शहाणपणाचे.

डिझेलची साक्ष

या वादात डिझेल मोटारींची साक्ष मोलाची ठरते. पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये इथेनॉल नसते. २००७ मध्ये स्विफ्टमधून भारतात घरोघरी पोहोचलेले १.३ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन पुढे रांजणगावच्या कारखान्यातही तयार होऊन अनेक गाड्यांत बसले. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष आल्यावर डिझेल मोटारी बंद केल्या. परंतु जुन्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. त्यांचे अ‍ॅव्हरेज घटते तेव्हा इथेनॉलकडे बोट दाखवता येत नाही. काजळीने अडकलेली ईजीआर झडप, टर्बोच्या हलत्या पात्यांवर बसलेली काजळी, झिजलेले इंजेक्टर आणि फाटलेल्या नळ्या हीच कारणे तिथे सापडतात. चढावर काळा धूर सोडणारी गाडी हवेअभावी न जळलेले इंधनच बाहेर फेकत असते. वय झालेल्या टर्बो इंजिनाची भूक इथेनॉलशिवायही वाढते, याचा याहून वेगळा पुरावा नको.

जबाबदारी कुणाची?

हा प्रश्न केवळ मालक आणि मेकॅनिक यांच्यापुरता मर्यादित नाही. वाहनांच्या देखरेखीसाठी असलेली पीयूसी चाचणी या दोषांबाबत जवळपास आंधळी आहे. पेट्रोल गाडीची तपासणी उभ्या गाडीत, इंजिनावर भार नसताना होते. डिझेलची तपासणीही गिअर न टाकता अ‍ॅक्सिलरेटर दाबून केली जाते. चढावरच उघडणारी चीर तिथे सापडणे अवघड. परिणामी २० टक्के जास्त इंधन जाळणारी गाडी ‘प्रदूषण नियंत्रणात’ असल्याचे प्रमाणपत्र घेऊन फिरू शकते.

दुसरीकडे धोरणाचा भर गाडीच्या वयावर आहे. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर २०१५ च्या राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशापासून गंडांतर आहे. जुलै २०२५ मध्ये तिथे अशा गाड्यांना इंधन नाकारण्याचा प्रयोगही झाला आणि लोकक्षोभामुळे काही दिवसांतच तो थांबवावा लागला. महाराष्ट्रात असे सरसकट वयाचे बंधन नाही. पंधरा वर्षांनंतर योग्यता तपासून फेरनोंदणी होते. वीस वर्षांवरील मोटारींच्या फेरनोंदणीचे शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये केले. जुनी गाडी बाळगणे महाग होत असताना तिची प्रकृती नेमकी कशी आहे, हे सांगणारी तपासणी मात्र सुधारली नाही. चालत्या गाडीतील स्कॅनरचे आकडे आणि भाराखालील चाचणी यांचा फेरनोंदणीच्या तपासणीत समावेश झाला, तर नीट राखलेली जुनी गाडी आणि इंधन ओकणारी जुनी गाडी यांत फरक करता येईल.

इथेनॉलच्या बाबतीतही सरकारने मोकळेपणा दाखवण्याची गरज आहे. ऊर्जा कमी असलेले इंधन त्याच दराने घ्यावे लागत असेल, तर जुन्या गाडीच्या मालकाचा राग अनाठायी म्हणता येणार नाही. कोणत्या वर्षीच्या कोणत्या गाडीला किती टक्के घट अपेक्षित आहे, हे पंपावर ठळकपणे लावले तर ग्राहकाला निदान आपल्या नुकसानीची मर्यादा कळेल. त्या मर्यादेपलीकडची घट दिसली, की तो पंपावर भांडत बसण्याऐवजी गॅरेजमध्ये जाईल.

तूर्तास हा हिशेब मालकालाच ठेवावा लागणार आहे. त्यासाठी एक वही, तीन टाक्यांची नोंद आणि चालत्या गाडीला स्कॅनर लावायला तयार असलेला मेकॅनिक एवढी सामग्री पुरेशी आहे. सात टक्क्यांपर्यंतची घट धोरणाने लादलेली आहे आणि तिच्याविषयी सरकारला जाब विचारता येतो. त्यावरची घट गाडीच्या नळ्यांत, सेन्सरमध्ये आणि चाकांत आहे. तिचा जाब बॉनेट उघडूनच विचारावा लागेल.